जुनी जीप-पिकअप: वायरिंग आणि इंजिनच्या तक्रारींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातले बरेचसे प्रश्न लोकांनी आमच्या गाडीजवळ उभं राहून विचारलेले आहेत आणि काही मीच कधीकाळी मिस्त्रींना विचारलेले. गाडी म्हणजे विलिस घराण्यातली महिंद्रा. पुढे जीपचं तोंड, मागे पत्र्याचा हौदा आणि बॉनेटखाली २१९९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल 'हरिकेन' इंजिन. साठ-सत्तरच्या दशकातल्या अशा गाड्या अजून शेतांत, गोठ्यांमागे, चिंचेखाली उभ्या सापडतात. खालची मापं या इंजिनाची आणि १२ व्होल्टच्या वायरिंगची आहेत. जुन्या अमेरिकन विलिस ६ व्होल्टच्याही होत्या, त्यामुळे मल्टिमीटर लावण्याआधी बॅटरीकडे एकदा बघून घ्या.

गाडी सुरूच होत नाही. सुरुवात कुठून करू?

करंटपासून. पेट्रोल नंतर आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे उलटं चालतं. गाडी अडली की पहिला हात कार्बोरेटरवर पडतो, कारण तो समोर दिसतो आणि चार नटांत सुटतो. आमचा कार्बोरेटर एका उन्हाळ्यात तीनदा उघडला, जेट फुंकले, फ्लोट बदलला. दोष निघाला तो चासी आणि इंजिनमधल्या अर्थच्या (करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या) पट्टीत. वरून अखंड दिसणारी पट्टी नटाखाली गंजून चाळणी झाली होती. नवी पट्टी टाकली आणि गाडी त्याच 'बिघडलेल्या' कार्बोरेटरवर चालली. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: बॅटरी, अर्थ, प्लगला ठिणगी, कार्बोरेटरला पेट्रोल, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). एक पायरी तपासून हातावेगळी झाल्याशिवाय पुढची उघडायची नाही.

सेल्फ मारला की नुसता 'टक' आवाज येतो. सेल्फ गेला का?

बहुतेक वेळा नाही. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी बॅटरी मीटरने मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ च्या खाली गेली तर ती आधी चार्जिंगला लावा. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून पुन्हा मोजा. सेल्फ फिरताना आकडा साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. गेला तर बहुधा बॅटरीच्या आत एखादा सेल मेलेला आहे, ती कितीही वेळ चार्ज केली तरी उपयोग नाही.

बॅटरी चांगली असेल तर खरी गंमत पुढे आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा (वरच्या क्लँपवर नको, खांबावर), दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब आहे. तसंच पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या मोठ्या नटापर्यंत मोजा, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. या दोन मोजण्यांना पाच मिनिटं लागतात. नवा सेल्फ, नवी बॅटरी, नवा सोलेनॉइड असा खर्च मी लोकांना करताना पाहिलाय आणि शेवटी दोष निघतो टर्मिनलवरच्या हिरव्या-पांढऱ्या बुरशीत. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पॉलिश पेपरने चकाकी आणा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा.

सेल्फ फिरतो पण इंजिन फिरत नाही.

बेंडिक्सचं, म्हणजे सेल्फच्या टोकावरचं फ्लायव्हीलमध्ये अडकणारं, गिअर पुढे सरकत नाही. सेल्फ उतरवा, बेंडिक्स रॉकेलने धुवून कोरडं करा. ऑइल-ग्रीस अजिबात लावू नका, त्यावर क्लचची धूळ बसते आणि महिन्याभरात तेच दुखणं परत येतं.

बॅटरी रात्रीतून उतरते. कुठे जातो करंट?

या गाडीत संगणक नाही, रिमोट नाही, अलार्म नाही. चावी बंद केल्यावर तिने जवळजवळ काहीच खायला नको. निगेटिव्ह केबल काढून खांब आणि केबल यांच्यामध्ये छोटा टेस्ट लॅम्प लावा. लॅम्प पेटला तर कुठेतरी गळती आहे. आता एकेक वायर काढत जा, लॅम्प विझेल ती वायर चोर. आमच्याकडे तो ब्रेक लाइटचा स्विच निघाला होता.

आणखी एक जागा कुणी बघत नाही: कटआउट, म्हणजे डायनॅमो आणि बॅटरी यांना आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच. त्याचे पॉइंट चिकटले तर गाडी बंद असताना बॅटरी उलटी डायनॅमोत रिकामी होते. डायनॅमोला हात लावा. तासाभरापूर्वी बंद केलेल्या गाडीचा डायनॅमो गरम असेल तर आधी बॅटरीची केबल काढा, विचार नंतर. वायर जळायला वेळ लागत नाही.

चार्जिंगचा लाल दिवा विझत नाही. डायनॅमो बांधून घेऊ का?

थांबा. इंजिन मंद चालताना दिवा लुकलुकणं हा डायनॅमोचा स्वभाव आहे. कमी आरपीएमवर तो पुरेसं व्होल्टेज तयारच करत नाही. रेस दिल्यावरही दिवा राहिला तर तक्रार खरी.

आधी पट्टा पाहा. मधल्या भागात अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबावा. मग डायनॅमो आणि रेग्युलेटर (डायनॅमोचं व्होल्टेज आवरणारा डबा) यांपैकी गुन्हेगार कोण ते ठरवायचं, आणि इथेच बहुतेक वायरमन अंदाजाने दोन्ही बदलतात. लुकास या इंग्लिश कंपनीच्या पद्धतीचा डायनॅमो असेल तर 'डी' (मुख्य करंट) आणि 'एफ' (फील्ड, म्हणजे आतलं चुंबक तयार करणारी कॉइल) या दोन्ही वायरी डायनॅमोवरून काढा, दोन्ही टर्मिनल एका तारेच्या तुकड्याने जोडा आणि ती तार व बॉडी यांच्यात मीटर लावा. इंजिन सुरू करून हळूहळू रेस द्या. आकडा सरसर चढत २० व्होल्टच्या दिशेने गेला तर डायनॅमो ठणठणीत आहे, दोष रेग्युलेटरमध्ये किंवा मधल्या वायरीत. २० च्या पुढे रेस देऊ नका. काहीच आलं नाही तर ब्रश बघा, झिजले असतील किंवा होल्डरमध्ये अडकले असतील. अर्धा-एक व्होल्ट आला तर फील्डची कॉइल आणि चार-पाच व्होल्टवर अडकला तर आर्मेचर (आतला फिरणारा भाग). रिवाइंडिंगवाल्याकडे जाताना हा आकडा सांगितला तर तो तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो.

सावधान: मूळ अमेरिकन ऑटोलाइट डायनॅमोची रचना वेगळी. त्यात फील्ड रेग्युलेटरमधून अर्थ होतं. तिथे 'डी-एफ' जोडायचं नाही, रेग्युलेटरची फील्ड वायर काढून फील्डचं टर्मिनल क्षणभर अर्थ करून बघायचं.

गाडी वर्षानुवर्षं उभी असेल किंवा डायनॅमो उघडून परत बसवला असेल तर त्याच्यातलं चुंबकत्व उलटं किंवा नाहीसं झालेलं असू शकतं. लुकासमध्ये 'एफ'ची वायर काढून त्या टर्मिनलला बॅटरीच्या पॉझिटिव्हची तार सेकंदभर टेकवायची. ऑटोलाइटमध्ये रेग्युलेटरवरची बॅटरी आणि आर्मेचर ही टर्मिनलं तारेने क्षणभर जोडायची. बारीक ठिणगी उडते आणि काम होतं. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे चांगले डायनॅमो भंगारात गेलेत.

कटकट नको, अल्टरनेटर बसवू का?

रोज चालवणार असाल तर बसवा, त्यात काही पाप नाही. फक्त डॅशबोर्डवरचा जुना अँपिअर मीटर तेवढा करंट पेलत नाही, त्याला वगळून वायर थेट न्या. नाहीतर मीटरच्या मागे धूर दिसेल. जुना डायनॅमो मात्र विकू नका.

हेडलाइट मिणमिणतात.

सगळा करंट जुन्या स्विचमधून आणि पन्नास वर्षांच्या वायरीतून जातो. दोन रिले लावा, बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर थेट रिलेला द्या आणि जुन्या स्विचला फक्त रिले चालवू द्या. दिव्याची अर्थ वायरसुद्धा नवी टाका. बल्ब बदलण्याआधी हे करा.

प्लगला ठिणगीच नाही.

प्लग काढा, वायरला लावा, प्लगची बॉडी ब्लॉकवर टेकवा आणि सेल्फ मारा. प्लगची वायर उघड्या हातात धरू नका आणि कार्बोरेटरजवळ हा खेळ करू नका. निळी, कडकडीत ठिणगी हवी. पिवळी, मलूल ठिणगी म्हणजे करंट आहे पण अशक्त.

काहीच नसेल तर डिस्ट्रिब्युटरचं (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डब्याचं) झाकण काढा. उभ्या गाडीत नव्वद टक्के वेळा आतल्या उघडझाप होणाऱ्या पॉइंटवर गंजाचा किंवा तेलाचा थर असतो. बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवा, मग कोरा कागद मधून ओढा म्हणजे भुकटी निघून जाईल. गॅप फिलर गेजने लावा. ऑटोलाइट डिस्ट्रिब्युटरला २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे अर्धा मिलिमीटर. लुकास असेल तर १४ ते १६ थाऊ. आपल्या गाड्यांत कुणी काय बसवलंय याचा नेम नसतो, म्हणून आधी डिस्ट्रिब्युटरवरचं नाव वाचा. ब्लेडच्या तुकड्याने 'अंदाजे' लावणारे मिस्त्रीही गाडी चालू करून देतात, पण ती आठवड्याने पुन्हा रुसते. प्लगचा गॅप ३० थाऊ.

पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील, उघडझाप होताना मोठी निळी ठिणगी दिसत असेल तर कंडेन्सर गेला. बॅलास्ट (करंट कमी करणारा रेझिस्टर) नसलेल्या १२ व्होल्टच्या कॉइलच्या दोन छोट्या टर्मिनलांमध्ये ३ ते साडेतीन ओहमच्या आसपास यायला हवं. आणि इंजिन बंद असताना चावी 'ऑन' ठेवून गप्पा मारत बसू नका. पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापत राहते आणि एक दिवस फुटते.

डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांत धरून हलवून बघा. डावीउजवीकडे खुळखुळत असेल तर बुश झिजलाय, मग गॅप कितीही लावा, तो दर फेरीला बदलतो.

घाटात चढताना बंद पडते. अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, बहुतेक एप्रिल-मेमध्ये. कारणं दोन, आणि ती ओळखण्याची वेळ गाडी बंद पडते त्या क्षणीच असते. चहा पिऊन परत आलात तर पुरावा गेलेला असतो.

बंद पडल्याबरोबर ठिणगी बघा. ठिणगी नसेल तर कॉइल किंवा कंडेन्सर. गरम झाल्यावर आतलं इन्सुलेशन सुटतं, थंड झालं की पुन्हा जागेवर येतं. कॉइल सरळ एक्झॉस्टच्या आचेत बसवलेली असेल तर तिची जागा बदला.

ठिणगी खणखणीत असेल तर पेट्रोलची वाफ झालीय. या इंजिनाचा पंप ब्लॉकला चिकटलेला असतो, जवळच एक्झॉस्टची धग. चढावर इंजिन तापतं, वारा कमी, पाइपात पेट्रोलऐवजी वाफ भरते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं टाका, दहा मिनिटांत गाडी सुरू होते. जुने ड्रायव्हर कसारा-खंबाटकीच्या चढावर फडकं आणि पाण्याचा कॅन जवळ ठेवायचे ते उगीच नाही. कायमचा उपाय म्हणजे पाइप एक्झॉस्टपासून दूर वळवणं आणि मध्ये पत्र्याची आडभिंत. काही जण टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावतात. तो लावलात तर ऑइलचं प्रेशर गेलं की पंप बंद होईल असा स्विच लावा. गाडी उलटली आणि पंप पेट्रोल ओतत राहिला तर काय होईल ते सांगायला नको.

आताचं इथेनॉलवालं पेट्रोल चालतं का?

चालतं, पण किंमत घेऊन. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि ही इंजिनं बनली तेव्हा असं काही कुणाच्या डोक्यातही नव्हतं. जुने रबराचे पाइप फुगतात आणि आतून भुसभुशीत होतात, पंपाचा डायफ्रॅम कडक होऊन फाटतो. टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकट थर इथेनॉल सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदला, पाइप इथेनॉल सोसणारे टाका. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), गाडी गरम आणि मरगळलेली वाटते. मेन जेट एक नंबर मोठा टाकून प्लगचा रंग बघा. हलका तपकिरी हवा. पांढराफटक म्हणजे अजून पातळ.

पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. इथेनॉल ओल धरतं, आणि पाणी तळाशी बसून टाकी आतून खातं.

गाडी मिसिंग करते. कोणता सिलिंडर आहे ते कसं कळेल?

इंजिन मंद चालू ठेवून एकेका प्लगची वायर जाड रबरी पकडीने काढा. जी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही तोच सिलिंडर आधीपासून झोपलेला. मग त्याचा प्लग शेजारच्या प्लगशी अदलाबदल करा. झोप प्लगबरोबर सरकली तर प्लग, नाही सरकली तर वायर, झाकण किंवा कॉम्प्रेशन. रात्री पूर्ण अंधारात बॉनेट उघडून बघा: वायरीवर निळ्या ठिणग्या रांगताना दिसल्या तर वायरी संपल्या.

वायरी काढून लावताना क्रम चुकला तर कार्बोरेटरमधून भडका किंवा सायलेन्सरमधून फटाके. क्रम १-३-४-२. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते इंजिन हाताने फिरवून बघा, पाठांतरावर विसंबू नका.

टायमिंग लाइट नाही. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) कसं लावू?

टेस्ट लॅम्पने. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणा (प्लगच्या भोकावर बोट ठेवा, हवा ढकलेल), इंजिन फिरवत फ्लायव्हीलच्या खिडकीतली किंवा पुलीवरची खूण पिस्टनच्या वरच्या टोकाच्या ५ अंश आधी आणा. लॅम्पचं एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंट टर्मिनलला, दुसरं बॉडीला. चावी 'ऑन' करा. डिस्ट्रिब्युटर ढिला करून हळू फिरवा, लॅम्प पेटेल त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच आवळा. पहिल्या सिलिंडरबरोबर चौथाही वर येतो, त्यामुळे कॉम्प्रेशन न बघता लावलंत तर अख्खा अर्धा फेरा चुकतो.

गाडी सुरू करायला पुढून हँडल मारणार असाल तर अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत वळवू नका. आणि हँडल खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. टायमिंग पुढे असेल तर हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. आमच्या गावात असं वाकडं मनगट घेऊन फिरणारे दोघे होते.

टॅपेट वाजतात. हेडचं वरचं झाकण उघडल्यावर चारच दिसतात, बाकीचे कुठे?

ब्लॉकमध्ये. या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये वर आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकच्या बाजूला, पत्र्याच्या झाकणामागे. नव्या पोरांना हे माहीत नसतं, ते वरचे चार लावून मोकळे होतात. इंजिन थंड असताना इनटेक १८ थाऊ, एक्झॉस्ट १६. आवाज बंद व्हावा म्हणून एक्झॉस्ट घट्ट लावू नका. वाजणारा टॅपेट परवडला, जळालेला व्हॉल्व्ह नाही.

पाणी उकळतं.

बोअरवेलचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलं की रेडिएटरच्या नळ्या चुन्याने बुजतात. इंजिन गरम असताना रेडिएटरच्या मागून सावध हात फिरवा, थंड लागणारा पट्टा म्हणजे बंद नळ्या. पंख्याला हात लागणार नाही इतकं बघा, इंजिन बंद करूनच. टायमिंग मागे असलं तरी गाडी गरम होते, हे मात्र रेडिएटरवाला सांगणार नाही. चालू इंजिनात रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आणि ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर हेड पॅकिंग गेलं. झाकण गरम असताना कधीही उघडायचं नाही.

निळा धूर येतो. बोअर करावा (सिलिंडर कातून घ्यावे) लागेल का?

आधी कॉम्प्रेशन मोजा. चारही सिलिंडर जवळपास सारखे, १२० पौंडांच्या आसपास असतील तर घाई नको. एखादा फार खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

या गाडीचं एक खास लबाड दुखणं आहे. जिथे वायपर व्हॅक्यूमवर चालतात, तिथे पेट्रोल पंपातच व्हॅक्यूमचा दुसरा डायफ्रॅम असतो. तो फाटला की इंजिनातलं ऑइल इनटेकमध्ये ओढलं जातं आणि गाडी निळा धूर सोडते, अगदी रिंगा गेल्यासारखा. व्हॅक्यूमची नळी पंपावरून काढा, इनटेककडचं तोंड बंद करा आणि एक फेरी मारून या. धूर थांबला तर अख्ख्या इंजिनाचा खर्च वाचला. त्याच पंपाचा पेट्रोलचा डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका.

माझ्या गाडीत आधीच्या मालकाने डिझेल इंजिन टाकलंय.

मग वरचं पॉइंट-कॉइलचं सगळं सोडून द्या. डिझेलची नेहमीची तक्रार म्हणजे लाइन हवा घेते. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंपाने एअर काढा, बुडबुडे थांबेपर्यंत. थंडीत सुरू होत नसेल तर हीटर प्लग एकेक करून तपासा. आणि आरसी बुकात इंजिनबदलाची नोंद आहे का, हे गाडी घेण्याआधी बघा.

पूर्ण वायरिंग नवं करू की जुनंच जोडत राहू?

वायर वाकवल्यावर वरचं आवरण तडकलं तर नवं करा. सगळ्यात आधी बॅटरीजवळ कटऑफ स्विच लावा, या गाड्यांत फ्यूज मोजकेच असतात. प्रत्येक जोड सोल्डर किंवा क्रिंप केलेला हवा, नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर पहिल्या पावसात दगा देते. चासी, इंजिन आणि बॉडी तिघांना अर्थच्या वेगवेगळ्या पट्ट्या द्या. पेट्रोलचा काटा, हॉर्न, मागचे दिवे यांच्या निम्म्या तक्रारी तेवढ्यानेच जातात.

उंदरांसाठी मी नाना उपाय केले: डांबरगोळ्या, तंबाखू, लसूण. शेवटी हौद्यात भुसा ठेवणं बंद केलं आणि वायर जाळीच्या नळीतून नेली. तरीही पावसाळ्यानंतर चावी फिरवण्याआधी बॉनेट उघडून पाच मिनिटं वायरी बघतो. गेल्या वर्षी एअर क्लीनरमध्ये घरटं निघालं होतं, चार पिल्लांसकट.